ळ नसलेल्या खोलीत

४ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. तू जोडून दिलेलं यंत्र बंद पडलं आहे. बंद म्हणजे दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काळोख आणि वर चार ओळी पांढरी इंग्रजी अक्षरं. खाली एक रेघ लुकलुकत असते. फोटो नाहीत, मराठी अक्षरं नाहीत, यांचं ते मोठ्या टाइपातलं लिहायचं पान नाही. शेजारीण म्हणाली, माझ्या फोनवरून भावाला लावून देते. तुमच्या टेकडीवर रेंज येत नाही हे तिला किती वेळा सांगायचं? आणि लागला तरी मला काय कप्पाळ ऐकू येणार आहे. म्हणून आपलं पत्र.

झालं असं, की यांना आता उठून टेबलापर्यंत येववत नाही. म्हणून रविवारी मी आणि शेजारणीने टेबलच पलंगाशी ओढून घेतलं. तारा सगळ्या काढून परत लावल्या. मला वाटतं, बरोबर लावल्या. सुरू केलं तर हे असं.

एक गंमत सांगते. मी यांना म्हटलं, लिहून तर बघा. यांनी डाव्या हाताच्या बोटाने इंग्रजीत पी-ए-एन-आय लिहिलं आणि एन्टर दाबलं. यंत्राने खाली उत्तर दिलं, पाणी नॉट फाउंड. मग यांनी चहा लिहिलं. चहाही नॉट फाउंड. मग माझं नाव लिहिलं, तर मीही सापडले नाही. हे हसले. आता हसू अर्ध्याच तोंडावर येतं, पण आलं.

हसून किती दिवस काढणार रे? झटका आल्यापासून यांची जीभ वळत नाही. ओठ नीट हलत नाहीत, नाहीतर मी ओठांवरून ओळखलं असतं. जन्मभर ओठांत टाचण्या धरून कोट शिवले आणि तसेच बोलले, तेव्हाही मला सगळं कळायचं. आता हातात पेन दिलं तर हात थरथरतो. आम्हा दोघांत तो एक कीबोर्डच होता. एक बहिरी आणि एक मुका, संसार कसा करायचा ते सांग. लवकर कळव.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र आज मिळालं. टपालाची गाडी आठवड्यातून एकदाच टेकडी चढते. गाडीवाला खाली चहा पितोय तेवढ्यात हे लिहून त्याच्या हातात द्यायचं आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

यंत्र बिघडलेलं नाही, ते अर्ध्या वाटेत थांबलंय. आमच्या चौकीतली हवामान मोजणारी यंत्रंही कधीकधी अशीच हटून बसतात, म्हणून तुझ्या चार ओळी न बघताही मला ओळखता येतं. सगळं मोठ्या डिस्कवर असतं, तुमचे फोटो, मराठी अक्षरं, भाऊजींचं पान. पण सुरू होताना यंत्राला ती डिस्क कुठे आहे हेच ठाऊक नसतं, आणि ती शोधायची हत्यारं ठेवलेली असतात त्याच डिस्कवर. आता आली का पंचाईत? म्हणून ते आधी आपल्या मेमरीत एक छोटी खोली उभी करतं. तिच्यात मोजकी हत्यारं, बाकी काही नाही. त्या खोलीत उभं राहून ते मोठं घर हुडकतं, आणि सापडलं की आपलं मूळच इथून उपटून तिथे लावतं. आमच्यात याला रूट बदलणं म्हणतात. मग छोट्या खोलीचं काम संपतं. तुमच्याकडे हे रोज सकाळी होत होतं, पण इतकं झटपट की तुला कधी दिसलं नाही. आता मोठं घर सापडत नाही, म्हणून बिचारं त्या खोलीत बसून विचारतंय, पुढे काय करू?

त्या चार ओळी जशाच्या तशा उतरवून पाठव. आणि मागच्या बाजूला कुठली तार कुठे लागली आहे तेही नीट बघून लिही.

तोवर भाऊजींना बोलायची सोय करून देतो. सी-ए-टी लिही, मग बाणासारखी खूण दोनदा, मग बी-ओ-एल, आणि एन्टर. कॅट म्हणजे मांजरच समज. हे मांजर समोर टाकाल ते मुकाट्याने गिळतं, उलट उत्तर देत नाही. सगळं 'बोल' नावाच्या फायलीत साठत राहील. मराठी अक्षरं त्या खोलीत नाहीत, इंग्रजीतूनच मराठी लिहावं लागेल.

भाऊजींना सांग, त्यांनी शिवलेला राखाडी कोट अजून शाबूत आहे. फक्त मी त्यात मावत नाही.

तुझा
खटपट्या


१९ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

तुझं मांजर गुणी निघालं. पहिल्या दिवशी यांनी सकाळभर लिहिलं. आठवडाभराचं तुंबलेलं होतं ना. नळाला वायसर बसवून घे, शेजारणीला एवढं डोक्यावर बसवू नकोस, तू जेवलीस का. हे शेवटचं रोज असतं. मी जेवले म्हटलं की विश्वास ठेवत नाहीत, ताट दाखवावं लागतं.

पण इंग्रजीतून मराठी वाचणं म्हणजे शिक्षाच आहे. सकाळी विचारलं, कसं वाटतंय? यांनी लिहिलं बी-ए-आर-ए. मी घड्याळाकडे बघितलं, म्हटलं बारा कुठे वाजलेत अजून? हे 'बरा' म्हणत होते. माझ्या अकलेवर बराच वेळ हसत होते. आणि परवा काय झालं, यांनी लिहिलं के-ए-एल, मग ए-एल-आय. काल आली. मी म्हटलं, हो, व्यायामवाली काल आली होती, आता शुक्रवारी येईल. तर तोंड वाकडं केलं. तसं ते हल्ली वाकडंच असतं, पण हे मुद्दाम केलेलं होतं. ती मुलगी हातपाय ओढून व्यायाम घेते ना, तिच्यावर यांचा फार राग. मी म्हटलं, आली तर आली, तिला काय हाकलून देऊ?

हल्ली लवकर दमतात. दोन ओळी लिहून डोळे मिटून पडतात. जेवणही कमी झालंय. यंत्र सुरू झालं म्हणजे जरा करमेल त्यांना.

तू सांगितलेल्या चार ओळी वेगळ्या कागदावर उतरवल्या आहेत. अक्षर न अक्षर तपासलंय. आणि हो, मागे एक काळी तार नुसतीच लोंबते आहे. ती त्या बाजूच्या छोट्या पेटीतून येते. तिची जागा मला सापडली नव्हती, म्हणून तशीच राहिली असेल.

तुझी
ताई


२५ फेब्रुवारी

सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

अगं ताई, ती छोटी पेटी म्हणजेच मोठं घर. तुमची डिस्क तिच्यातच आहे. जुन्या सामानातून यंत्र जोडताना आत जागा उरली नाही, म्हणून ती मी बाहेर पेटीत बसवली होती. तार लोंबते आहे म्हटल्यावर बिचाऱ्याला घर सापडणार कसं? तुझ्या चार ओळींतही हेच लिहिलंय. मी मात्र काय काय कल्पना करत बसलो होतो, डिस्क गेली, तिचा ओळखनंबर बदलला, यंव आणि त्यंव. तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला.

आता काय करायचं ते सांगतो. काळी तार मागच्या कुठल्याही चपट्या खाचेत घाल, उलटीसुलटी करून बघ, एका बाजूने जातेच. पेटीवरचा हिरवा दिवा लागला की कंट्रोल आणि डी एकदम दाब, मांजर उठून जाईल. मग ई-एक्स-आय-टी लिहून एन्टर. एवढंच. एक्झिट म्हटल्याबरोबर यंत्र पुन्हा शोधाशोध करेल, घर सापडेल, आणि ते आपलं मूळ तिकडे हलवेल. सगळं होतं तसं दिसेल.

व्यायामवालीचा किस्सा वाचून एकटाच हसत होतो. भाऊजींना म्हणावं, तिच्यावर राग काढायला आता मराठी अक्षरं मिळतील.

तुझा
खटपट्या


३ मार्च

प्रिय खटपट्या,

हे गेले. एक तारखेला, दुपारी जेवणं झाल्यावर. मी ताटं उचलून आत गेले आणि परत आले, तेवढ्यात. छातीचं होतं म्हणाले डॉक्टर. तुझी वाट बघणं शक्य नव्हतं. तुझ्या खालच्या ऑफिसात निरोप ठेवायला शेजारणीचा मुलगा गेला होता, पण वर न्यायला माणूस नाही म्हणाले. पुढचं सगळं शेजाऱ्यांनी केलं.

डॉक्टरांनी मला कागदावर लिहून विचारलं, आधी कधी दुखल्याचं बोलले होते का? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनीही ते तसंच लिहून घेतलं.

आज सकाळी कपबशी विसळत होते. एकच कप होता. तेव्हा एकदम डोक्यात आलं. के-ए-एल, ए-एल-आय. ते काल आली नव्हतं रे. ते कळ आली होतं. त्या खोलीत ळ नाही. आणि व्यायामवाली त्याच्या आदल्या दिवशी आलीच नव्हती, तिने सुट्टी घेतली होती. मला तेव्हा हे आठवायला काय झालं होतं?

आता माझं एक काम कर. यंत्र तसंच चालू आहे, मी हात लावलेला नाही. ती रेघ लुकलुकते आहे आणि तिच्यावर त्यांच्या शेवटच्या ओळी दिसतात. तू जेवलीस का, अशी एक आहे. पण आधीचं सगळं वर सरकून गेलं आहे. मला ते पहिल्यापासून वाचायचं आहे. त्यांनी ते एकदाच लिहिलं होतं की पुन्हा पुन्हा लिहीत होते आणि मीच वाचत नव्हते, हे मला बघायचं आहे. एकदाच असेल तर मी स्वतःची काहीतरी समजूत घालीन. फाइल कशी उघडायची ते कळव.

ताई


६ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र काल आलं. पाकिटावर सौ. आहे. तुला कळलेलं नव्हतं, त्यात तुझा काय दोष. ते पाकीट मी जपून ठेवलं आहे, आता तसं कोणी लिहिणार नाही.

मला वाटलं, तुझं उत्तर यायला आठवडा जाईल, त्यापेक्षा यंत्र पूर्ण सुरू झालं तर फाइल मलाच उघडता येईल. तू शिकवलेलं आहेस ना, नाव लिहायचं आणि शोधायचं. मग तार घातली. दुसऱ्या बाजूने गेली. हिरवा दिवा लागला. तू सांगितलंस तसं मांजराला उठवलं आणि एक्झिट लिहिलं. भराभर अक्षरं वर गेली, आणि मग सगळं आलं. आमचे फोटो आले. यांचं मोठ्या टाइपातलं जुनं पान आलं, जानेवारीतलं. त्यात शेवटी लिहिलंय, टेबल खिडकीशी आहे ते बरं आहे.

पण 'बोल' सापडत नाही. दोन्ही अंगांनी शोधलं, इंग्रजीत आणि मराठीत. काल रात्रीपर्यंत तेच केलं. शेजारणीचा मुलगाही शोधून गेला. मी कुठे चुकते आहे ते सांग. मी शोधायची थांबणार नाही, पण तुला ठाऊक असेल तर वेळ वाचेल.

ताई


११ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं आज एकाच गाडीने आली. पाकिटं हातात आली तेव्हा कुठलं आधीचं हे बघितलं नाही. सहा तारखेचं आधी उघडलं. त्यात 'तुला कळलेलं नव्हतं' वाचलं आणि काय कळलेलं नव्हतं ते समजायला दुसरं उघडावं लागलं. मग मी गाडीवाल्याला सांगितलं, आज थांब, पत्र दिल्याशिवाय जाऊ नकोस. तो बाहेर गाडीत बसून आहे.

भाऊजींबद्दल मला आत्ता काही लिहिता येत नाही. तू जे विचारलंस तेवढं लिहितो, कारण तू शोधत बसली असशील.

ताई, शोधू नकोस. फाइल नाही. लपलेली नाही, हरवलेली नाही, मी येऊनही निघणार नाही. ती छोटी खोली मेमरीत असते. यंत्र मोठ्या घराकडे निघतं तेव्हा त्या खोलीतलं सगळं आधी पुसून टाकतं, मेमरी मोकळी व्हावी म्हणून, आणि मग मूळ हलवतं. हा बिघाड नाही. ते असंच करायचं असतं. जे हत्यार मूळ हलवतं, तेच जाता जाता पुसतं. तू एक्झिट लिहिलंस आणि त्याने पुसलं. मी सांगितलं म्हणून तू लिहिलंस.

मी तुला लिहिलं होतं की छोट्या खोलीचं काम संपतं. आमच्या धंद्यात काम संपतं म्हणजे पुसलं जातं, हे दोन शब्द आम्हाला वेगळे वाटतच नाहीत. तिथे कधी कोणी काही ठेवत नाही. मी इतकी वर्षं त्या खोलीत जातो येतो, एक ओळही कधी जपून ठेवावीशी वाटली नाही. आणि तुला मात्र मी 'साठत राहील' असं लिहिलं. साठत होतं, ते खरं होतं. किती वेळ, ते लिहिलं नाही. एक्झिटच्या आधी फाइल पेटीत उतरवून घ्यायला एक ओळ पुरली असती. मला ती येते. मला सुचलीच नाही, कारण मी तारेचा विचार करत होतो. तू लिहिलं होतंस की ते दोन ओळी लिहून डोळे मिटतात, जेवण कमी झालंय. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. तुझ्या पत्रातली लोंबती तार मला दिसली आणि बाकी काही दिसलं नाही.

ळ साठी मोठा एल लिहितात. भाऊजींना एका हाताने दोन कळा दाबता आल्या असत्या का, माहीत नाही. पण मी सांगितलंही नाही.

त्यांनी ते कितीदा लिहिलं होतं, हे मला सांगता येत नाही. एकदाच लिहिलं असेल असं लिहून टाकावं, असं दहा वेळा मनात आलं. तू विश्वास ठेवला असतास. पण तुला आणखी एक चुकीची गोष्ट सांगायची माझी हिंमत नाही. महिनाअखेर बदली माणूस येतो आहे, तो आला की त्याच गाडीने मी उतरतो.

तुझा
खटपट्या


३० एप्रिल

प्रिय खटपट्या,

तू येऊन गेलास, नळाला वायसर बसवलंस, मला दोन वेळ जेवायला लावलंस, आणि आपण त्या यंत्राबद्दल एक शब्द काढला नाही. तू त्याच्याकडे पाठ करून बसत होतास. समोर असताना मला तुझे ओठ वाचावे लागतात, आणि त्या विषयावर ते वाचायचं माझ्यात बळ नव्हतं. म्हणून आता लिहिते.

तुझा राग आला होता. अकरा तारखेचं पत्र वाचल्यावर आठ-दहा दिवस चांगलाच आला होता. तुझी जुनी पत्रं काढून 'काम संपतं' ती ओळ मी पुन्हा वाचली, आणि वाटलं, एवढी मोठी गोष्ट यानं दोन शब्दांत उरकली. मग एक दिवस राग आपोआप उतरला. उतरला म्हणजे तुझ्यावरून उतरला. तू खोटं लिहिलं असतंस तर मला बरं वाटलं असतं आणि मी तुला कधी क्षमा केली नसती, तेव्हा लिहिलं नाहीस ते योग्यच झालं.

मी ठरवलं की फाइल नाही तर नाही, मीच आठवून लिहून काढते. असून असून किती दिवसांचं बोलणं, सगळं माझ्यासमोरच झालं होतं. वही घेतली आणि रोज दुपारी बसू लागले. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. यांचं बोलणं पडद्यावर होतं, मी ते डोळ्यांनी वाचायची आणि पुसलं जावं तसं विसरायची, कारण तिथे आहेच म्हणून. पण माझं बोलणं मी तोंडाने केलं होतं. ते माझं मला सगळं आठवतं, स्वरासकट. हो, पिते. खिडकी लावलेलीच आहे. नाही हो, आज रविवार. कोणाचं म्हणताय, कोटवाल्यांचं का? मग तुम्हीच सांगा तिला. जेवले मी, हे बघा ताट. अशी पानंच्या पानं भरली. समोर यांनी काय लिहिलं होतं ते मात्र माझ्या उत्तरावरून ताडावं लागतं. खिडकीबद्दल काहीतरी होतं, वाराबद्दल काहीतरी होतं. त्यांचे शब्द नाहीत. अर्धी वही माझीच बडबड आहे.

तसंच लिहीत गेले. मग काल हे वाक्य आलं.

'हो, काल आली होती, आता शुक्रवारी येईल.' हे तुला ठाऊक आहे, तुला मी हसून कळवलं होतं. ते लिहिलं आणि पेन उचललंच नाही, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. ते मी पलंगाशी उभं राहून म्हटलं नव्हतं. पीठ मळत होते, यांनी टेबलावर थाप मारली. थाप मला ऐकू येत नाही, पण जमीन हलते ती पायाला कळते. तशीच पिठाच्या हातांनी आले, पडद्याकडे वरवर बघितलं आणि म्हटलं, 'अहो, सांगितलं ना, काल आली म्हणून.' जरा चिडूनच म्हटलं.

हे मी म्हटलं, म्हणजे यांनी ते पुन्हा लिहिलं होतं. आता मला फाइल नको.

त्यावर यांनी पुढे काय लिहिलं ते आठवत नाही. माझं त्यानंतरचं काही उत्तर वहीत आलेलं नाही. बहुतेक यांनी काही लिहिलंच नसावं. मी परत पिठाकडे गेले.

तुझी
ताई